आई समोरच्या घरी जाते

बाबा गेल्यानंतर सगळं घर एका टेबलाशी जेवायला बसलं ते त्या रविवारी, आणि त्याच जेवणात आईने भात कालवता कालवता सांगून टाकलं, की ती धाकटीबरोबर जाणार नाही.

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती आईला न्यायलाच आली होती. आईची भरलेली बॅग कालपासून दाराशी उभी होती.

"म्हणजे उद्या नाही? परवा निघायचं?"

"या खेपेला नाहीच," आई म्हणाली. "मास्तरणीला आज दुपारी हॉस्पिटलातून सोडतायत. मी तिच्याकडे राहायला चाललेय. ती आपल्या पायांनी जिना उतरेपर्यंत. तीन महिने तरी."

मामाने आमटीची वाटी तोंडाला लावली होती. ती तशीच राहिली. दादाने बायकोकडे पाहिलं, बायकोने पाण्याच्या तांब्याकडे.

मास्तरीण म्हणजे क्लचमावशी. समोर टायरचं दुकान होतं, त्याच्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल कधी हळहळलीही नव्हती. अर्ध्या शहराला तिने गाडी शिकवली. शिकवताना खिडकीतून बाहेर ऐकू जाईल असं "क्लच! अरे क्लच!" ओरडायची, म्हणून गल्लीतल्या मुलांनी तिचं हे नाव पाडलं आणि तिने ते खुशाल पडू दिलं. आईला ती "काचवाली" म्हणायची, कारण घराखाली आरसे आणि फ्रेमचं दुकान होतं. गेल्या आठवड्यात ती स्वतःच्याच जिन्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली.

"आई, तू मला शब्द दिलायस," धाकटी म्हणाली.

"दिलाय. मोडतेय."

धाकटीने भांडायची तयारी केली होती ती आईच्या सबबींशी. सबब एकही आली नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नकाशे तपासून झाल्यावर आता कुठे एका पुलाचं काम तिच्या ताब्यात आलं होतं. पाया घालायचे दिवस. उजाडायच्या आत साइटवर हजर आणि अंधार पडल्यावर घरी. दोन मुलं, एक शाळेत जाणारं, एक न जाणारं. आई येणार म्हटल्यावरच तिने साहेबांना हो सांगितलं होतं.

"माझ्या मुलांचं काय?"

"तो विचार मीही केला. रात्रभर केला."

"आणि?"

"आणि तरी मी जाणार नाही."

दादाने घसा खाकरला. "मावशीला पुतण्या आहे ना?"

"आहे ना. त्याने फुलं पाठवलीत. आता ती फुलं तिला बाथरूमला नेणार असतील तर मला माहीत नाही."

सूनबाईला हसू आलं. तिने ते पाण्याबरोबर गिळलं.

"अक्का, भावना मी समजू शकतो," मामा सुरू झाला. मामा आईचा धाकटा भाऊ. नोकरीत असताना लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं त्याचं काम होतं. निवृत्त झाला तरी तो आवाज काही गेला नव्हता.

"तू समजू नकोस. तू जेव."

"ऐकून तर घे. या बाईने आपल्यासाठी केलं, खूप केलं, कोण नाही म्हणतंय? त्याची जाण ठेवायलाच हवी. पण त्याची काही पद्धत असते. आपण सगळे मिळून तिच्याकडे एक चांगली, शिकलेली बाई ठेवू. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. तिलाही बरं, तुलाही सुटका. शिवाय एखादी छानशी वस्तू देऊ."

"वस्तू मी देऊन बघितलीय," आई म्हणाली. "हे गेले त्यानंतर. दुकानातला सगळ्यात चांगला आरसा घेतला, त्याला सागाची फ्रेम लावली आणि नेऊन दिला तिला. विचारलं तिने, हा कशाबद्दल? म्हटलं, दोन वर्षं त्यांना डायलिसिसला नेलंस आणलंस त्याबद्दल. तर आरसा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, म्हणजे तू फिटंफाट करायला आलीस होय? पंधरा दिवस बोलली नाही माझ्याशी. समोरून जायची, मान वळवायची. मी नवऱ्याच्या जाण्याने रडले नसेन इतकी त्या पंधरा दिवसांत रडले."

सूनबाईने आईच्या ताटात थोडा भात वाढला.

डायलिसिसचे ते दिवस सगळ्यांनाच आठवत होते. मावशीची ती शिकाऊ गाडी, वर भलामोठा 'शिकाऊ' असा फलक, आणि मागच्या सीटवर बाबा. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, पुढे जाताना डोकावून बघायचे. बाबा म्हणायचे, "इतकी वर्षं शिकतोय, पण ही बाई काही मला लायसन मिळू देत नाही." परत येताना ते इतके गळून गेलेले असत, की मावशी गाडी दुकानाला अगदी चिकटवून लावायची, म्हणजे त्यांना तीन पावलंसुद्धा चालावं लागू नये.

"तिने केलं ते बाबांसाठी नाही, तुझ्यासाठी," धाकटी एकदम म्हणाली. "सगळं तुझ्यासाठी. आणि तूही सगळं तिच्यासाठी. शाळेतून आलो की घराला कुलूप आणि तू समोरच्या जिन्यावर. तिची पँट शिवतेयस, तिचे केस कापतेयस, तिच्या क्लासचे फोन घेतेयस. आम्ही हाका मारायचो आणि तुम्ही दोघी हसत असायचात. आज मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तर आजही तीच."

आईने ताट जरा पुढे सारलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मी हसायचे. या घरात मी कोणाची सून होते, कोणाची बायको, कोणाची आई. सगळं आनंदाने झाले, तक्रार नाही. पण 'तुला काय वाटतं?' असं मला विचारणारी ती एकटीच होती. त्या जिन्यावर मी दिवसातून अर्धा तास बसायचे. तेवढा माझा होता."

"आणि आता तीन महिने तुझे?"

"हो."

दादा हात धुऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता. खिडकीतून समोरचा जिना दिसत होता. अरुंद, बाहेरच्या बाजूने वर गेलेला, लोखंडी कठड्याचा. दुकानातल्या गल्ल्यावर बसलं की नजर उचलताच तोच जिना दिसायचा. उद्यापासून त्या जिन्यावर आई दिसेल, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. हातात बादली, नाहीतर वाळत घालायचे कपडे. गिऱ्हाईक फ्रेमचा नमुना बघता बघता विचारणार, अहो, त्या तुमच्या आईच ना? तिकडे कशा? आणि तो काय सांगणार? मुलगा आहे, सून आहे, वर चार खोल्या आहेत, आणि आई समोर एका परक्या बाईची सेवा करतेय?

हे बोलून दाखवायची त्याला लाज वाटत होती. म्हणून तो दुसरंच बोलला.

"तुझं वय काय, आई? तिला उठवताना तूच पडलीस म्हणजे? मग आम्ही दोघींना उचलायचं?"

"उचलाल की. आपलीच माणसं आहेत."

"ती आपली नाही. हेच तर सांगतोय. नात्याची ना गोत्याची."

"तुला गाडी कोणी शिकवली?"

"ते वेगळं."

"दोनदा नापास झालास. तिसऱ्या खेपेला तुझ्याबरोबर सरकारी कचेरीत सकाळपासून कोण उभं होतं? मी नव्हते."

"आई, ते वेगळं म्हणतोय ना!" दादाचा आवाज चढला. त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. गाडीची चावी तिथे होती. पुढचं वाक्य त्याने ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून निघालं. "हे बघ, मी गाडी काढणार नाही. तुला जायचं तर जा. मी नेणार नाही, आणणार नाही. मला हे मान्य नाही आणि मी त्यात हातभार लावणार नाही."

"बरोबर आहे दादाचं," धाकटी म्हणाली. बहीण-भावाचं एका बाजूने मत पडलं, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दोघांनाही ते जाणवलं आणि दोघांनाही त्याने बरं वाटलं नाही.

"मी टॅक्सी करेन," आई म्हणाली आणि उठली.

"टॅक्सीत खुब्याचा पेशंट? अक्का, वेड लागलंय का?" मामा म्हणाला.

तेवढ्यात सूनबाईने हात पुढे केला. टेबलापलीकडून, थेट नवऱ्याच्या छातीपर्यंत.

"चावी द्या," ती म्हणाली. "मी चालवते."

दादा हसला. मनापासून हसला. "तू?"

सूनबाईने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून लायसन काढलं आणि मिठाच्या भांड्याशेजारी ठेवलं. मामाने चष्मा वर करून ते बघितलं, मग हातात घेऊन पुन्हा बघितलं.

"फोटो तुझाच आहे," तो म्हणाला. जणू तेवढीच शंका होती.

"हे कधी?" दादाने विचारलं.

"शनिवारी."

"शनिवारी तू वाचनालयात जातेस."

"मावशींच्या गाडीत जात होते."

"मग ती पुस्तकं?"

"पुस्तकं मागच्या सीटवर असायची. रविवारी वाचायचे." तिचा हात अजून पुढेच होता. "तुम्ही म्हणाला होतात, तुला जमणार नाही, गाडी खरचटून आणशील. मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ये शनिवारी. बस, एवढंच. मला नाही विचारलं का, कशाला, नवऱ्याला माहीत आहे का. चावी द्या, आईंना उशीर होतोय."

"बायको माझी, गाडी माझी, आणि मला पत्ता नाही," दादा म्हणाला. पण चावी खिशातून निघाली.

"वा!" मामाच्या तोंडून निसटलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही, म्हणजे... लायसन आहे म्हटल्यावर प्रश्न येत नाही. फक्त मी बसणार नाही हं गाडीत."

धाकटी उठली आणि पायात चपला सरकवू लागली.

"तू कुठे?" आईने विचारलं.

"तुझ्याबरोबर. मावशीच्या तोंडावर सांगायचंय मला, काय झालंय ते."

गाडी पहिल्या चौकापर्यंत दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सूनबाईने दात आवळून ती सुरू केली आणि मग ती नीट चालली. शेजारी आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, मागे धाकटी खिडकीबाहेर बघत होती. मावशीच्या गाडीत मावशीच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा. या गाडीत नव्हता. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मावशी म्हणाली होती, "महिना झाला, मी माझ्या ब्रेकला पाय लावलेला नाही. जा आता." सूनबाईने तिच्यासाठी एक चांगलासा रुमाल विणून नेला होता. तो मावशीने बघितलाही नाही. "राहू दे ते. कोणाला तरी कुठेतरी सोड, म्हणजे झालं," म्हणाली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

आईंना हे सांगावं असं तिच्या मनात आलं. पण पुढे वळण होतं आणि वळणावर तिला बोलता येत नव्हतं.

"छान चालवतेस," आई म्हणाली.

"बोलू नका माझ्याशी," सूनबाई म्हणाली. आईच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं.

वॉर्डात शिरायच्या आधीच मावशीचा आवाज ऐकू आला. चाकाच्या खुर्चीवरून तिचं नर्सशी वाजलं होतं. नर्स खुर्ची मागून ढकलू म्हणत होती आणि मावशीचं म्हणणं होतं, की चाकं असलेल्या वस्तूत बसून ती आजवर दुसऱ्याच्या हाताने कधी गेलेली नाही. आईला बघताच ती थांबली.

"काचवाली! तू अजून इथेच? तुला तर उद्या जायचंय ना?"

"चल, घरी जाऊ," आई म्हणाली. "मी येतेय तुझ्याकडे राहायला."

"कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं असतं?"

मावशीची नजर आईवरून धाकटीवर गेली. धाकटीने वाक्य गाडीतच तयार केलं होतं. "मावशी, आई माझ्याकडे येत नाहीये. तुमच्यासाठी. माझं पुलाचं काम जाणार."

मावशीने डोळे मिटले, उघडले. मग आवाज बदलला. अर्ध्या रस्त्याला ऐकू जायचा तोच आवाज.

"काय गं ए! पोरीला शब्द दिलास आणि फिरवलास? आणि माझ्या नावावर? माझ्या नावावर हे पाप नको घालूस. जा इथून. जा आणि बॅग उचल आणि हिच्याबरोबर जा."

"नाही जाणार."

"मी दार उघडणार नाही तुला."

"तुझी दुसरी किल्ली माझ्याकडे आहे."

"परत दे."

"नाही देत."

शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. नर्सने खुर्ची जराशी बाजूला घेतली.

"हिला मी परीक्षेच्या एकूण एक पेपराला सोडलंय," मावशी म्हणाली. बोलताना तिचं बोट धाकटीकडे होतं. "सकाळचे क्लास बंद ठेवून. एकदा रस्त्यात पंक्चर झालं, तर चाक मी बदललं आणि ही बाजूला उभी राहून समीकरणं पाठ करत होती. तुझी मुलगी म्हणून नाही गं काचवाली! ही पूल बांधीन म्हणाली म्हणून. सातवीत होती, माझ्या पुढच्या सीटवर बसून म्हणाली होती. मला खरं वाटलं ते. आता पूल हातात आलाय आणि हिने घरी बसायचं? माझ्या खुब्यापायी?"

सातवीतलं ते बोलणं धाकटी विसरून गेली होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आईने सांगायचं आणि मावशीने करायचं. त्या गाडीत आपण आईचं सामान म्हणून बसतो.

आई खाटेच्या कडेला टेकली. "झालं तुझं? आता मी बोलू? ह्यांना तू दोन वर्षं..."

"तो हिशोब काढलास तर याद राख."

"हिशोब नाही काढत. तोंड मिट जरा. तू पडलीस, मला झोप लागेना. हिच्या घरी जाऊन मी काय करणार होते? मुलांना भरवणार आणि सारखं मनात, तू उठली असशील का, तुला पाणी कोणी दिलं असेल का. मी तुझ्यावर उपकार करायला येत नाहीये. मला चैन पडावं म्हणून येतेय. आजवर ज्याला मी जिथे हवी, तिथे राहिले. आता मला जिथे राहावंसं वाटतं तिथे राहणार. तुला आवडो न आवडो. हिला आवडो न आवडो. मुलाला तर नाहीच आवडलेलं."

"आणि पोरीचा पूल?"

"ते मला सुटत नाहीये," आई म्हणाली, आणि तिने मांडीवरची पिशवी उगीचच सरळ केली. "तेवढं एक मला सुटत नाहीये."

धाकटी वॉर्डाबाहेर आली. बाहेरच्या बाकावर कोणीतरी जेवणाचे डबे उघडून बसलं होतं. भिंतीकडे तोंड करून तिने नवऱ्याला फोन लावला.

"मुलं काय करतायत?"

"एक झोपलंय. एक माझ्या पाठीवर आहे."

"जेवली?"

"जेवली, आंघोळी झाल्या, एकाने भिंतीवर रंग काढलेत. का?"

"म्हणजे जमलं तुला."

"दोन दिवस काय, कोणालाही जमेल. आई तयार झाल्या का निघायला?"

"आई येत नाहीये. तू रजा घे."

पलीकडे पाठीवरचं मूल काहीतरी ओरडलं. "रजा? किती?"

"पाया होईपर्यंत. तुझी साठलेली आहे, दरवर्षी सांगतोस तू, माझी रजा फुकट जाते."

"अगं, पण ऑफिसात सांगू काय? मुलं सांभाळायची आहेत म्हणून?"

"तेच सांग."

"लोक हसतील."

"हसू देत. सगळी साइट माझ्याकडे बघून हसते, मी मेले का? हे बघ, मला इतकी वर्षं वाटत होतं, आई आली तरच माझं काम होईल. आईला सांगितलं, सासूबाईंना विचारलं, शेजारणीला विचारलं. मुलांच्या बापाला विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा. आणि आता मी विचारत नाहीये, सांगतेय."

पलीकडे त्याने मुलाला पाठीवरून खाली उतरवल्याचा आवाज आला.

"आलीस की बोलू," तो शेवटी म्हणाला.

"बोलू. पण तुझ्या साहेबाशी उद्याच बोल."

ती परत आत गेली तेव्हा मावशी खुर्चीत बसलेली होती. खुर्ची ढकलायला नर्स नव्हती, आई होती. त्या अटीवर तह झाला असावा. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"माझं मी बघितलं," धाकटी म्हणाली. "पूल होतोय."

आई तिच्याकडे बघतच राहिली.

"पण राग गेलेला नाही हं माझा, आई. महिनाभर फोनवर धड बोलणार नाही मी."

"नको बोलूस. मी फोन करत राहीन."

"मावशी," धाकटी वळली, "तुम्ही..." आणि ती हाताने डोळे पुसू लागली.

"रडायचं असेल तर गाडीत रड," मावशी म्हणाली. "इथे पार्किंगचे पैसे चढतायत."

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. मावशी मागे आडवी, पाय धाकटीच्या मांडीवर, आणि तिथूनही तिचं आरसा बघ, डावा आरसा बघ, चालूच होतं. सूनबाई एका शब्दाने उलट बोलली नाही. दुकानासमोर आल्यावर तिने गाडी जिन्याला अगदी चिकटवून लावली.

जिना मात्र कोणी विचारात घेतला नव्हता. रविवार, त्यामुळे टायरचं दुकान बंद. नाहीतर तिथल्या मुलांनी मावशीला हसत हसत वर नेलं असतं. तीन बायका गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि वर बघू लागल्या. हॉस्पिटलची खुर्ची हॉस्पिटलातच राहिली होती.

"मी बसत बसत चढते," मावशी म्हणाली.

"चढशील! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आई म्हणाली.

आईला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. सबंध दिवस ती ताठ मानेने बोलली होती, आणि आता चौदा-पंधरा लोखंडी पायऱ्या तिला हरवायला उभ्या होत्या. तिचे गुडघे तिला ठाऊक होते. तिने पदर खोचला.

समोरच्या घराचं दार उघडलं आणि मामा बाहेर आला. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची त्याने डोक्यावर उलटी घेतली होती. रस्ता ओलांडताना त्याने हात करून एक स्कूटर थांबवली.

"हात असलेली खुर्ची आहे," धापा टाकत तो म्हणाला. "मजबूत. उचलायला मात्र माझी कंबर नाही."

त्याच्या मागे दुकानाचं शटर अर्धं वर होतं. शटरखालून दादा वाकून बाहेर आला. किती वेळ तो आत उभा होता कोण जाणे. बाह्या दुमडलेल्या होत्या. तो आला, त्याने गाडीकडे एक फेरी मारून पाहिलं, कुठे खरचटलेलं नव्हतं. बायकोकडे पाहिलं. तिने चावी त्याच्या हातात दिली नाही, पर्समध्ये टाकली.

"मी गाडी काढणार नव्हतो," तो आईला म्हणाला. "काढलीही नाही."

"नाही काढलीस."

त्याने आणि धाकटीने मिळून मावशीला खुर्चीत घेतलं. मावशीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "पाडशील रे काचवाल्या."

"रोज आरसे उचलतो, मावशी."

"आरसा ओरडत नाही."

"म्हणूनच तर."

सूनबाई पुढे झाली, धाकटीने एक बाजू धरली. वरच्या खिडक्यांतून माणसं डोकावू लागली होती. पलीकडच्या गॅलरीत कोणीतरी आतल्यांना हाक मारून बोलावत होतं. दादाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पुन्हा आवळला गेला. तो खुर्चीमागे उभा राहिला, पण हात लावेना.

"आई, मला हे अजून पटलेलं नाही."

"नको पटू दे."

"लोक विचारतील, आई कुठे, तर काय सांगू?"

"सांग, समोर राहते."

"का म्हणून विचारलं तर?"

आई पिशवी काखोटीला मारून पहिली पायरी चढली होती. तिने गॅलरीतल्या माणसांकडे मान वर करून एकदा नीट, सावकाश बघून घेतलं, एकेकाकडे.

"तर वर पाठव त्यांना," ती म्हणाली. "मी सांगेन. तू मागचे पाय धर आणि उचल."